पंच बसत नाही

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं आता एका वेळी जमिनीला लागत नाहीत, गुडघे आडवे येतात. जेवढी लागतील तेवढी लावली आहेत, बाकीची उभ्यानेच मान्य कर.) नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच. कोणी गेलेलं नाही. मीही आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी आहे. दाजींची कंबर कशी आहे? तुझा मोतीबिंदू काढला, की अजून पिकायची वाट बघताहेत? खरं तर मी फोनच करणार होतो. दोनदा नंबर फिरवलाही, पण तू "कोण बोलतंय?" असं विचारलंस तर काय सांगायचं ते ठरेना, म्हणून ठेवून दिला. पत्राचं बरं असतं, त्यात समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

मी सध्या सुनेपायी फार काळजीत आहे. सून वाईट आहे असं नाही. उलट इतकी चांगली आहे की तिला काही व्हायला नको, याचीच धास्ती. तू तिला पाहिलेलं नाहीस, कारण तू लग्नाला आली नाहीस (मी बोलावलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी). चिरंजीव बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात आम्ही दोघंच. ती सकाळी एका चष्म्याच्या दुकानात हिशेब बघते आणि संध्याकाळी हसवायचं लिहिते. आता तिने अख्खा कार्यक्रम लिहिला आहे. सगळं स्वतःच्या डोक्यातलं, कुठून उचललेलं नाही. त्यातल्या तुकड्यांना 'स्केच' म्हणतात. मला वाटलं चित्रं काढायची असतील, म्हणून पहिल्या दिवशी मी खोडरबर घेऊन गेलो. तिथे कोणी काहीच काढत नव्हतं. हॉल म्हणजे एका बंद पडलेल्या शिवणवर्गाचा वरचा मजला, भिंतीवर अजून बाह्या कापायचे नकाशे लटकताहेत, आणि त्यांच्याखाली चार मोठी माणसं नसलेल्या रांगेत उभी राहून नसलेल्या खिडकीशी भांडत होती. तुकडा संपला की दिवे जातात. मी दोनदा फ्यूज बघायला धावलो. दिवे येतात तेव्हा तीच माणसं दुसरीच झालेली असतात. मघाशी दातांचा डॉक्टर असलेला आता हवालदार. मी विचारलं, मग दवाखाना कोण बघतंय?

असे एकंदर सात तुकडे. पहिला प्रयोग शनिवारी संध्याकाळी, आणि आज मंगळवार. सहा तुकडे तयार आहेत. सातव्याचं घोडं अडलंय, कारण त्याला शेवटच नाही. तिने तो बावीस वेळा लिहून बावीस वेळा फाडला. (मी मोजले, कारण केर मी काढतो.) गेल्या शुक्रवारी जिन्यात बसून बुटाचे बंद बांधताना ती खाली मान घालूनच मला म्हणाली, "बाबा, हे शेवटचं जमलं नाही ना, तर मी पुन्हा लिहिणार नाही." ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. तेव्हापासून माझ्या तोंडचं पाणी पळालंय. लिहिणं सुटलं तर ही पोर संध्याकाळी करणार काय? माझ्याकडे बघत बसणार?

म्हणून मी मदत करायचं ठरवलं. इथूनच सगळा घोटाळा झाला.

रविवारी मी लवकर हॉलवर गेलो. रंगमंचावर एक सोफा आहे. चाळीस वर्षं सोफे-खुर्च्या दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा मी आधी माणसाकडे बघत नाही, त्याच्या बुडाखाली बघतो. पाहतो तर पुढचा डावा पाय लुळा! नुसता टेकवून ठेवलेला. म्हटलं, अरे अरे, पोरांचं लक्ष नाही, शनिवारी कोणाचं तरी हाड मोडेल. घरून हत्यारं आणली. पाय काढून खाच साफ केली, सरस लावला, दोन स्क्रू आणि वरून एक पाचर ठोकली. आता त्यावर हत्ती बसला तर हत्ती मोडेल. कोणाला सांगितलं नाही, उपकार बोलून दाखवू नयेत. संध्याकाळी तालमीत आमचा 'डोस' आला. हा औषधाच्या दुकानात कामाला, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. तिसऱ्या तुकड्यात तो नवरदेव, आणि त्याने सोफ्यावर धाडकन बसायचं असतं म्हणजे सोफा कोसळतो आणि लोक हसतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाय लुळा नव्हता, अक्का, तो लुळा *केलेला* होता, त्यासाठी सुताराने दोन दिवस घातले होते. डोस धाडकन बसला. सोफा जागचा हलला नाही. डोसच हलला, तोही कंबरेतून. आता तो विंगेत चटईवर उताणा पडून असतो, तिथूनच सगळ्यांना सूचना देतो. तिसरा तुकडा तो पडल्या पडल्या करणार आहे, नवरदेव आजारी दाखवून. पण सातव्यात तो म्हातारा भाऊ होता, आणि भावाला सोफ्यावर बसावंच लागतं. म्हणजे आधी शेवट नव्हता, आता माणूसही नाही. सुनेने डोसला चटई अंथरली आणि मला चहा आणून दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

तरीही माझी खोड जाईना. तालमीत मी कान देऊन ऐकत होतो की या मंडळींना नक्की कमी काय आहे. तर सून सारखी एकच वाक्य म्हणत होती: "पंच बसत नाही." डोस चटईवरून म्हणे, "इथे पंच बसायलाच हवा." तुला सांगतो, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नाटक बसवतात, हे मला ठाऊक होतं. पण त्याला पंचही बसवावे लागतात हे नवीन. सातव्या तुकड्यात भांडण आहे. म्हातारे बहीण-भाऊ सोफ्याच्या दोन टोकांना बसलेले, एकमेकांशी अबोला, आणि सोफा दुरुस्त करायला आलेला माणूस मध्ये बसून 'तिला सांगा', 'त्याला सांगा' असे निरोप इकडचे तिकडे करतो. (कुठून सुचतं या पोरीला, कोण जाणे.) भांडण म्हटलं की पंच आलेच. आणि आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? लोकांना बसवण्याचाच माझा धंदा!

सोमवारी सकाळी बागेतल्या बाकांवर गेलो. रिकामी पण वजनदार माणसं तिथे बसतात. निवृत्त परिचारिका मिळाल्या, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. एक पोस्टमन, एक लिफ्टमन, एक जुने घड्याळजी. चार झाले, पाचवा कुठून आणायचा? घरी आलो तर विजेचा मीटर वाचायला माणूस आलेला. त्याला म्हटलं, संध्याकाळी मोकळा आहेस का, एक न्यायाचं काम आहे. संध्याकाळी पाचही जणांना पहिल्या रांगेत बसवलं. न कुरकुरणाऱ्या खुर्च्या निवडून. बजावलं की बाब गंभीर आहे, घरातलं भांडण आहे, दोन्ही बाजू ऐकून घ्या आणि तोंडावर काही दिसू देऊ नका.

त्यांनी माझा शब्द पाळला. सहा तुकडे झाले, पाचांपैकी एकाच्याही ओठाचा कोपरा हलला नाही. पोस्टमन वहीत टिपणं घेत होता. इकडे पात्रांना वाटलं ही तपासणीला आलेली सरकारी माणसं आहेत, ती वाक्यं विसरायला लागली, दातांच्या डॉक्टरने स्वतःचेच दात धरले. सून विंगेतून माझ्याकडे असं बघत होती की माझीच पाचावर धारण बसली. मी हळूच खुणेने सांगितलं की काळजी करू नकोस, बसलेत.

मग सातवा. भावाचं काम करायला कोणी नव्हतं, म्हणून तिने माझ्या हातात कागद दिला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही नुसतं वाचा, आम्हाला जागा कळतील. मी सोफ्याच्या एका टोकाला बसलो. (पाय मजबूत होता.) दुसऱ्या टोकाला बहीण झालेली मुलगी, वय सव्वीस, केसांना पावडर लावून सत्तरीची केलेली. मध्ये सून, दुरुस्तीवाल्याच्या खोट्या मिशा लावून. मी वाचलं, "तिला सांगा, मी तिचं तोंड पाहणार नाही." सून तिकडे वळून म्हणाली की हे तुमचं तोंड पाहणार नाहीत. तिने उलटा निरोप पाठवला की चष्मा लावला तरच दिसेल. असं बरंच चाललं. मध्येच मी वाचायचं थांबून म्हणालो की हा भाऊ मूर्ख आहे, इतकी वर्षं कोण अबोला धरतं. कोणी माझ्याकडे बघेना. मग पुढे वाचायला गेलो तर कागद संपलेला. खाली कोरं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी हात वर केला. "थांबा," त्या म्हणाल्या. "भांडण झालं कशावरून, ते आधी सांगा. त्याशिवाय निकाल कसा द्यायचा?"

सून मिशांसकट माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, उत्तर मलाच द्यायचं आहे. म्हणालो, घड्याळावरून. मग आठवलं, घड्याळावरून भांडण झालं ते चुलत भावाशी. म्हणालो, छत्रीवरून. पण छत्री तर माझ्याकडेच आहे, मग मी का रागावलो असेन? म्हणालो, शिडीवरून. घड्याळजी म्हणाले, शिडीवरून म्हणजे पडून की उसनी मागून? घाम फुटला, अक्का. इतके डोळे माझ्यावर मी कधी पाहिले नव्हते. शेवटी उभा राहिलो आणि खरं तेच सांगून टाकलं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "नऊ वर्षं झाली. पण मी बोलणार नाही!"

मीटरवाला पहिल्यांदा फुटला. तो पोस्टमनच्या खांद्यावर पडला, पोस्टमन लिफ्टमनच्या, आणि तो सगळा ढीग हलायला लागला. केसांची पावडर उडाली. विंगेतून डोस चटईवरून ओरडला, "बसला! पंच बसला!"

मी म्हटलं, "अरे, ते मघापासून बसलेच आहेत."

यावर तर कहर झाला. मला अजून कळलेलं नाही की यात हसण्यासारखं काय होतं. डोसने नंतर समजावलं की पंच म्हणजे विनोदाचा शेवटचा ठोसा, ज्याने लोक हसतात. मी म्हटलं, मग ठोसा म्हणा ना, पाच माणसांचा वेळ वाचला असता. सून हसता हसता एकदम भिंतीकडे वळली आणि बाह्यांच्या नकाशाकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. वळली तेव्हा एक मिशी गळून पडलेली होती. तिने कोऱ्या जागेवर माझं वाक्य लिहून घेतलं. तो तुकड्याचा शेवट. आणि माणूसही ठरला. मीच. डोसच्या कंबरेची ही फेड आहे म्हणतात. आयुष्यात कोणाला हसवलं नाही आणि आता शनिवारी ऐंशी खुर्च्यांपुढे तेच वाक्य म्हणायचं आहे.

एकट्या मोठ्या सिस्टर हसल्या नव्हत्या. जाताना माझ्यापाशी येऊन म्हणाल्या की पंच म्हणून बोलावलंत तर निकाल ऐका: उद्या बहिणीला पत्र लिहा. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. पंचांचा निकाल मोडता येत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे लक्षात असू दे.

दाजींना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

पाच जणांच्या हुकुमाने लिहिणारा,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. आपण कशावरून भांडलो होतो, ते तेवढं उलट टपाली कळव. लोक हसतात ते ठीक आहे, पण मला स्वतःला माहीत असायला हवं.

ता. क. दुसरा. सुनेने पत्र वाचलं. ती म्हणते, कळवू नका! बाबांना कळलं तर ते वाक्य खोटं होईल आणि पंच बसणार नाही. तेव्हा तुला आठवत असलं तरी लिहू नकोस. शनिवारी ये, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवतो, तुझी न् दाजींची. दाजींच्या खुर्चीला मागे उशी शिवून देतो. प्रयोग झाल्यावर सांग.

ता. क. तिसरा, सून दुकानात गेल्यावर. अक्का, आत्ता पाकिटावर तुझा पत्ता लिहिताना आठवलं. तू तेव्हा शाळेत शिकवायचीस. मी तुला पाठवलेलं चार पानी पत्र तू तांबड्या शाईने शुद्धलेखन तपासून मला परत पाठवलं होतंस. मी मात्र 'चूक तुझीच' म्हणून बसलो होतो. आता विचार करतो तर चुका माझ्याच होत्या, सतरा. या खेपेला कमी असाव्यात. हेही पत्र तपास हवं तर, पण टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आणि सुनेपाशी यातलं अवाक्षर काढू नकोस. शनिवारपर्यंत मला काहीही आठवत नाही.