आठही मॅच हरलो त्या वर्षी

कोच, तुम्हांला जाऊन अकरा वर्षं झाली. हे मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मी एकदा लिहिलं होतं, तुमच्याविषयीच, आणि ते फार चांगलं जमलं होतं. इंग्रजीत तुम्हांला नुसतं यू म्हणायचो, मित्राला म्हणावं तसं. आज लिहायला बसलो तर ‘तुम्ही’ आपोआप आलं. तेच बरोबर आहे. तुम्ही माझ्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठे होतात.

ऑस्ट्रेलियात, मॉसन लेक्सला मास्टर्ससाठी येऊन मला दोन महिने झाले होते. चार जणांच्या घरात राहत होतो आणि चौघंही वेगवेगळ्या वेळी जेवत होतो. एका अरव्होला, म्हणजे दुपारी, लायब्ररीतून परतताना युनीच्या ओव्हलवर, त्या गोल मैदानावर, हेल्मेट घातलेली पोरं एकमेकांवर आदळताना दिसली. आमच्याकडे ज्याला अमेरिकन फुटबॉल म्हणतात, तुमच्याकडे ग्रिडआयर्न. अकरा जणांचा खेळ आणि टीममध्ये एकूण अठरा पोरं, त्यातली दोन लंगडत होती. मी कुंपणाशी उभा होतो. टोपीवाला एक म्हातारा सरळ माझ्याकडे चालत आला आणि त्याने विचारलं, “पळता येतं का?” मी म्हणालो, शाळेत खो-खो खेळायचो. दुसऱ्या कोणी मान हलवून विषय सोडून दिला असता. तुम्ही म्हणालात, दाखव. मी सांगितलं तसं आठ जणांना एका ओळीत बसवलंत, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. एकाला माझ्यामागे सोडलंत, आणि त्या शंभर-शंभर किलोच्या पोरांना मी त्यांच्यामधून नागमोडी पळत दमवलं. मिनिटभर कोणाच्या हाती लागलो नाही. तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून हसत होतात. पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी एक चाल तयार होती. तिला तुम्ही ‘को’ म्हणायचात. मी तीन-चारदा खो म्हणून दाखवलं, मग सोडून दिलं.

आणि मग आम्ही हरायला लागलो. पहिली मॅच थोडक्यात, दुसरी जरा जास्त, तिसरीत तर समोरच्यांनी शेवटी त्यांची राखीव पोरं उतरवली. दर शनिवारी दुपारी, ऊन डोक्यावर, हेल्मेटच्या आत माशी शिरलेली, हाफटाइमला तुम्ही एस्की, म्हणजे तुमची बर्फाची पेटी, उघडायचात. आत सालासकट चार भाग केलेली संत्री असायची. तुम्ही ती स्वतः सकाळी उठून कापायचात. रविवारी आईचा फोन आला की ती विचारायची, जिंकलात का? एकदा ती म्हणाली, दर वेळी हरता तर जाता कशाला? मी तुम्हांला ते सांगितलं. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, आईला सांग, शनिवारी दुसरं काही काम नसतं.

तिसऱ्या मॅचमध्ये माझ्या हातातून एक सोपा बॉल सुटला. बाहेर येऊन मी म्हणालो, सूर्य डोळ्यांत होता. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, तेव्हाही नाही. म्हणालात, “सूर्य सगळ्यांच्याच डोळ्यांत होता. बॉल तुझ्या हातून पडला. एवढंच म्हण, आणि पाणी पी.” मी पाणी प्यायलो. पण ते म्हणालो नाही.

तुम्ही मला प्रॅक्टिसनंतर गाडीने घरी सोडायचात. हळूहळू रविवारी तुमच्या घरी जेवायला यायला लागलो. एलिझाबेथ या उपनगरातलं दोन खोल्यांचं युनिट, स्वयंपाकघरात पिवळ्या फॉर्मायकाचं टेबल, त्यावर तुमच्या बायकोचा फोटो. तुम्ही ब्रेडवर चीज भाजायचात आणि माझ्यासाठी त्यावर तिखट भुरभुरवायचात. ते तिखट तुम्ही मुद्दाम इंडियन दुकानातून आणलं होतं. कौन्सिलचं ओव्हलच्या बुकिंगचं पत्र आलं होतं. तुम्ही म्हणालात, जरा वाच, चष्मा विसरलोय. मी वाचलं. पुढच्या रविवारी आणखी एक. तिसऱ्या वेळी चष्मा तुमच्या कपाळावर होता. माझी नजर तिथे गेली आणि ते तुम्हांला कळलं. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. चौदाव्या वर्षी शाळा सोडली, म्हणालात, अक्षरं एका जागी राहत नाहीत. गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथे कुणाला कळलं नाही. बायको होती तोवर सगळं तीच वाचायची. मग म्हणालात, “हे आपल्या दोघांत, मेट.”

मी म्हणालो, नो वरीज.

तेव्हा मला तुमचे पुठ्ठे समजले. इतर टीमच्या पोरांकडे जाडजूड छापील फाइल असायची, सगळ्या चाली लिहिलेल्या. आमच्याकडे तुमचे पुठ्ठे होते. लाल बाण धावणाऱ्याचा, हिरवा बॉलचा, निळे ठिपके अडवणाऱ्यांचे, एकही शब्द नाही. पोरं हसायची, आम्ही बालवाडीत आहोत म्हणायची. मला मात्र ते पुठ्ठे एकदा बघून पाठ व्हायचे. इंग्रजी अजून कानाला पुरतं सरावलेलं नसताना मला काही समजत होतं ते तेवढंच.

सहावी मॅच हरल्यावर कॅप्टनने मला त्याच्या घरी बार्बेक्यूला बोलावलं. लॉच्या तिसऱ्या वर्षाला होता, बोलायला चांगला. त्याआधी टीममधल्या एकाही पोराने मला घरी बोलावलं नव्हतं. तिथे पंधरा जण होते आणि सगळे माझ्याशी बोलत होते. कोचला बदलायला हवं, कमिटीला पत्र द्यायचं ठरलंय, असं कॅप्टन म्हणाला. “तू चांगलं लिहितोस. तुझी असाइनमेंट मी वाचलीय. तू लिही, आम्ही सह्या करतो.” मी म्हणू शकलो असतो की मला वेळ नाही. परीक्षा जवळ होती, कोणी आग्रह केला नसता. पण कोणीतरी माझ्या प्लेटमध्ये आणखी एक सॉसेज ठेवला आणि मी हो म्हणालो.

दोन दिवस लागले. खरं सांगायचं तर ते लिहिताना मला मजा आली. पहिल्यांदाच इंग्रजी वाक्यं मनासारखी उतरत होती. मी तुम्हांला कुठे नावं ठेवली नाहीत. तुमच्या निष्ठेचे आभारसुद्धा मानले. आणि मग तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं: संपूर्ण मोसमात खेळाडूंना एकही लेखी योजना देण्यात आली नाही. शिवाय कोचला लेखी स्वरूपात सांगितलेल्या गोष्टींना कधीही उत्तर मिळालं नाही. पोरांनी मला एवढंच सांगितलं होतं की पुठ्ठे बंद व्हायला हवेत. हे दुसरं वाक्य माझं. ते कशामुळे खरं आहे हे अख्ख्या टीममध्ये एकट्या मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच ते मला सुचलं. कॅप्टन ते वाचून म्हणाला, हे जबरदस्त आहे.

रविवारी तुमचा फोन आला. कमिटीकडून पत्राची कॉपी आलीय, येतोस का? न जाण्याची हिंमत माझ्यात नव्हती. तुम्ही चहा केला होतात. पत्र टेबलावर उघडून, नीट सपाट करून ठेवलं होतं. सह्या तुम्ही ओळखल्या होत्या. कोणाचं नाव कसं दिसतं एवढं तुम्हांला कळायचं. माझी सही त्यात नव्हती. कॅप्टन म्हणाला होता, तू कोचच्या जवळचा आहेस, तू करू नकोस.

मी वाचतोय आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय. माझीच वाक्यं, माझ्याच तोंडून, तुमच्या स्वयंपाकघरात. तिसऱ्या परिच्छेदापाशी आलो आणि ते वाक्य गाळलं. पुढचं वाचत गेलो. आवाज हलला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. संपल्यावर तुम्ही विचारलंत, “एवढंच?”

“एवढंच.”

“छान लिहिलंय,” तुम्ही म्हणालात. “ज्याने लिहिलं त्याने मेहनत घेतलीय.” मग माझ्या कपात आणखी चहा ओतलात. जाताना मला विचारलंत, पोरं माझ्यावर फार चिडलीत का रे? मी म्हणालो, नाही, फक्त हरून कंटाळलीत.

बुधवारी कमिटीची मीटिंग. क्लबरूममध्ये खुर्च्या मांडलेल्या, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसलेले. मला वाटलं होतं पत्र सगळ्यांनी वाचलंय, आता नुसती चर्चा होईल. पण सेक्रेटरी बाई चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि रेकॉर्डसाठी पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागल्या. पहिला परिच्छेद, दुसरा. तिसरा. ते वाक्य त्यांनी इतर वाक्यांसारखंच वाचलं, जराही जोर न देता. तुम्ही मागे वळलात. मी चौथ्या रांगेत होतो. तुम्ही माझ्याकडे किती वेळ बघितलंत मला सांगता येणार नाही, कारण मी लगेच खाली बघितलं. मी ते वाक्य तुमच्यापासून लपवलं होतं, आणि ते कोणी लिहिलं असेल हे समजायला तुम्हांला आणखी काही लागलं नाही. बाईंनी तुम्हांला विचारलं, काही म्हणायचंय का. तुम्ही उभे राहिलात. एका शब्दाने तुम्ही मला उघडं पाडू शकला असतात, किंवा ‘मला वाचता येत नाही’ एवढं म्हणाला असतात तरी अर्ध्या खोलीला लाज वाटली असती. तुम्ही म्हणालात, “फेअर इनफ.” क्लबच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलात आणि गेलात.

उरलेल्या दोन मॅचना कॅप्टनच कोच झाला. त्याने चाळीस पानी फाइल छापून आणली. सातवी मॅच आम्ही आधीपेक्षा वाईट हरलो. आठव्या मॅचला, आमच्याच ओव्हलवर, शेवटची काही मिनिटं उरली असताना आणि आमचा एकही पॉइंट झालेला नसताना, फाइलमधलं सगळं करून झाल्यावर कॅप्टन घोळक्यात म्हणाला, को. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती एकच चाल सगळ्यांना पाठ होती. बॉल माझ्याकडे आला, मी डावीकडे झुकलो, उजवीकडे वळलो, पुन्हा डावीकडे. त्यांची पोरं एकमेकांवर आपटली आणि समोर मोकळं गवत होतं. त्या वर्षातला माझा तो एकमेव टचडाऊन. मी थांबलो तेव्हा कुंपणापलीकडून एकट्याच माणसाच्या टाळ्यांचा आवाज येत होता. मी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. मॅच संपल्यावर कुंपणाशी एस्की ठेवलेली सापडली. पोरांनी संत्री खाल्ली. मी खाल्ली नाहीत.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तुमचा फोन आला. मी घेतला नाही, तेव्हा तुम्ही मेसेज ठेवलात. आवाज नेहमीसारखाच होता. मेट, हॉस्पिटलकडून काहीतरी आलंय, दोन पानं आहेत, तुला वेळ असेल तेव्हा ये, घाई नाही. मी तो दोनदा ऐकला. तुम्ही मला माफ केलं होतंत की तुमच्याकडे दुसरं कोणीच नव्हतं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. उद्या जाऊ म्हणालो. मग परीक्षा आली, मग सिडनीची नोकरी. ती दोन पानं शेवटी कोणी वाचली, कोणी वाचली तरी का, मला माहीत नाही.

आता मी सिडनीतच, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या आयटीत आहे. पेशंटना जी पत्रं जातात, तारखेची, तपासणीची, ती ज्या सिस्टिममधून निघतात ती मी सांभाळतो. गेल्या महिन्यात कार पार्कपाशी एका माणसाने मला थांबवलं. कामाचे बूट, हातात आमचंच पत्र, चष्मा विसरलोय म्हणाला. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, त्याला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो, त्याचं नाव पुकारेपर्यंत शेजारी बसलो. तो मला दहादा थँक्यू म्हणाला. त्याचं थँक्यू घेणं मला जड गेलं. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. कुठे पाठवायचं नाहीच.

तुम्ही गेल्याचं मला कॅप्टनने फोन करून सांगितलं. म्हणाला, पोटाचा आजार होता, फार उशिरा कळलं. शुक्रवारी फ्युनरल होतं. मी म्हणालो, शुक्रवारी निघता येणार नाही. मग तो म्हणाला, शेवटी शेवटी भेटायला गेलो की कोच तुझी चौकशी करायचे. एकदा फोन केला होता म्हणायचे, उत्तर आलं नाही, पोराचा नंबर बदलला असेल.

मी म्हणालो, हो, बदलला होता.

नंबर बदलला नव्हता, कोच. आजही तोच आहे.