कडीला लाल कापड

प्रिय छकुले,

चाळिशी आली तरी मी तुला छकुलीच म्हणणार, मग कितीही नाक मुरड. तुझा अबोला पोचला. आणि मी तुझ्याकडे उंचावरच्या घरात राहायला येणार नाही, हे तुलाही कळलं असेलच. माझं शिलाई मशीन इथे, गिऱ्हाईक इथे. समुद्राला घाबरून घर सोडायचं, तर इतकी वर्षं इथे काय झक मारली?

गुडघ्यांचे नखरे तर मी आता चालवूनच घेत नाही. दर रविवारी आमची अख्खी गल्ली त्सुनामीचा सराव म्हणून टेकडीवरच्या शाळेपर्यंत चालत जाते. गाड्या काढायच्या नाहीत, मागे भोंगा झाला तेव्हा त्यांनीच रस्ता तुंबवला होता. बेकरीवाला पलीकडच्या आजींना पिठाच्या हातगाडीवर बसवून ढकलतो, आणि आजी वर त्यालाच पाय उचलायला सांगतात. जमीन हलली की कुणी कुणासाठी थांबायचं नाही. निघताना दाराच्या कडीला लाल कापड बांधायचं, म्हणजे घर रिकामं. कापडं मीच शिवून दिली आहेत.

त्या दुपारी जमीन हलली, भोंगा झाला, तेव्हा मी एका ब्लाउजला बाही लावत होते. काम तसंच टाकलं, कापड बांधलं आणि निघाले. धापा टाकत का होईना, वर पोचले. मला माझंच इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! मग खाली पाहिलं. पाणी मागे हटून चिखल उघडा पडला होता, सगळा गाव चढत होता, आणि नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतली एकच बाई उलटी खाली धावत होती. तुझा दवाखाना उंचावर, तुला कसला धोका नव्हता, आणि तू माझ्यासाठी उतरलीस. कापड दिसलं तरी तुझा विश्वास बसला नाही. कडी काढून मला घरभर शोधत बसलीस. मी वरून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. पाणी बंदराच्या धक्क्यावरूनच परतलं, नाहीतर हे कुणाला लिहिलं असतं? आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते गं.

म्हणून लिहितेय. आईला चालवत नाही, हे डोक्यातून काढून टाक. पुन्हा भोंगा झाला तर जिथे आहेस तिथेच थांब. उतरलीस, तर मीही तुला शोधायला खाली येईन, मग गल्लीचा नियम गेला खड्ड्यात, आणि दोघीही जाऊ. ती चढण मी चढते ती एकाच भरवशावर, की तू वर आहेस. तेवढा भरवसा माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

तुझीच,
आपल्या पायांनी येणारी
आई