अक्कासाठी मोठी अक्षरं

१६ नोव्हेंबर, रविवार. देवपूर, धुळे.
सकाळीच अक्काचा फोन. रडत होती. नरडाण्याची बेबामावशी वारली, तिची गंधमुक्तीही परवा होऊन गेली आणि हिला पत्ताच नाही. शाळेची चार वर्षं अक्का त्याच मावशीकडे जेवलेली. मी म्हटलं, अगं, पत्रिकेचा फोटो मी स्वतः घरच्या ग्रुपवर टाकला होता. तर म्हणे, तुन्हा फोटो मन्हा फोनले वाचता येत नही रे, भाऊ. शुगरने तिची नजर अधू झाली आहे. माणूस दिसतो, अक्षर लागत नाही. फोनच तिला मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो.
फार वाईट वाटलं. थोरली बहीण आहे.
संकल्प: सात डिसेंबरला पाचोऱ्याला आमच्या धाकट्या बहिणीच्या, सारिकाच्या लेकीचं, नूतनचं लग्न. त्यातला एकही निरोप अक्काचा चुकणार नाही. ग्रुपचा ॲडमिन मी. तहसील कचेरीत एकतीस वर्षं नोटिसा काढल्यात!

१७ नोव्हेंबर.
हळदीचा कार्यक्रम जाड मार्करने लिहिला. एका कागदावर दोनच शब्द, म्हणजे नजरेला ताण नको. अकरा कागद. अकरा फोटो काढून टाकले. पुनम म्हणाली, अहो, नुसतं टाइप करा ना. बायकोला यातलं टेक्निकल कळत नाही.

१८ नोव्हेंबर.
अक्काचा फोन अकरा वेळा नुसता ‘फोटो’ म्हणाला आणि गप्प बसला. रंगाचा प्रॉब्लेम असणार. उद्या पिवळ्यावर लाल.

२० नोव्हेंबर.
पिवळ्यावर लालही फेल. अक्काचा फोन हलका दिसतोय. शेवटी टाइप केलं. कोरडं वाटू नये म्हणून आधी पंचवीस नमस्कार, मग पंचवीस फुलं, मग तारीख. अक्का तेव्हा गिरणीत दळणाच्या रांगेत. फोन मोठ्याने ‘जोडलेले हात, जोडलेले हात’ करत राहिला. बायका हसल्या म्हणे. तारीख यायच्या आत तिने फोन बंद केला. लोकांना धीर नाही.

२३ नोव्हेंबर.
नवी आयडिया. व्हॉइस मेसेज! तेरा मिनिटं. प्रास्ताविक छान जमलं. हळदीची वेळ दहाव्या मिनिटाला आहे. आमच्या चुलत हेमराजभाऊंनी मेसेजखाली विचारलं, हळद किती वाजता? काय ऐकतात देव जाणे.

२५ नोव्हेंबर.
जो तो मला सूचना करत सुटला. एवढ्या गलक्यात अक्काला काय ऐकू येणार? सेटिंग बदललं. आता मेसेज फक्त ॲडमिन टाकेल. दिवसभर एक तक्रार नाही. यश.

२९ नोव्हेंबर.
कमाल झाली! अक्काने स्वतःचा ग्रुप काढला. नाव ‘साधं लिखा’. नियम म्हणे एवढेच: फोटो नको, फुलं नको, आधी तारीख आणि वेळ, मग बाकीचं. मलाही ॲड केलं होतं. सहा मिनिटांत बाहेर पडलो. एका घरात दोन ग्रुप? घरं अशीच फुटतात.
अक्काला तसं सुनावलं. ती चिडली नाही. म्हणाली, तू मन्हासाठे इतलं करस, पण माले आते बठ्ठं ऐकू येस. सगळं ऐकू येतं म्हणजे माझ्या मेहनतीचा परिणाम दिसायला लागला.

४ डिसेंबर.
पुनम पाचोऱ्याला पुढे गेली. जाताना बजावलं, अक्कांच्या ग्रुपवर परत जा. म्हटलं, बघू. माझ्या ग्रुपवर वऱ्हाडाच्या बसची नोटीस टाकली: देवपूर, सकाळी साडेआठ. सोबत नकाशा, बाण पाच रंगांत.

७ डिसेंबर. सकाळी ८.२०.
स्टॉपवर मी एकटा. डोक्याला फेटा. नवरीचा मामा आहे, तिच्यामागे मलाच उभं राहायचंय. बस नाही, माणसं नाहीत. शिस्त म्हणून नाहीच.

८.४०.
ग्रुपवर अर्जंट नोटीस टाकली. कुणाचं उत्तर नाही. नंतर आठवलं, उत्तर कुणाला देताच येत नाही.

८.४५.
अक्काचा फोन. मुहूर्त अलीकडे आला म्हणून बस पावणेआठलाच सुटली. शुक्रवारीच ‘साधं लिखा’वर लिहिलं होतं. सगळे समजले, ग्रुपवर टाकलंय म्हणजे मला कळलंच असेल, स्कूटरने येत असेन. पारोळ्याच्या अलीकडे मी गाडीत नाही हे अक्कालाच जाणवलं. म्हणाली, भाऊना आवाज नही गाडीमा. तिने बस पारोळ्याला थांबवून धरली आहे. मामाशिवाय चाक हलू देत नाही. काळीपिवळीत लटकून निघालो.

९.५०. बसमध्ये.
चढलो तर पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. हेमराजभाऊंनी विचारलं, नकाशा आणला का? सगळी बस हसली. अक्काने शेजारची जागा राखून ठेवली होती. मी फेटा सावरत बसलो. तिने मला परत ग्रुपमध्ये घेतलं आणि फोन माझ्या कानाला लावला. फोन एकेक निरोप वाचत गेला. तारीख, वेळ, ठिकाण. सगळं दोन मिनिटांत संपलं. मला एकवीस दिवस लागले होते.
अक्काने हळूच विचारलं, रडतोस का रे? म्हटलं, छे, धूळ गेली डोळ्यात. तिला कुठे दिसतंय, म्हणून ठोकून दिलं.
तिने कमरेचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.