ईदला चीज चाखायचं आहे

अम्मा, आज ईद आहे. नमाज पढून आलो आणि बाल्कनीत बसून फोनवर हे लिहितोय. दुपारी कामावर जायचं आहे. तिथे शेफ माझ्यासमोर चीजचा तुकडा धरणार आणि विचारणार, सांग, खारट किती आहे? मला सांगता येणार नाही. रमजानच्या आधी ताप आला होता, तो जाताना जिभेची चव घेऊन गेला. मिरची झोंबते, गरम पोळतं, बाकी सगळं ओला कागद चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, येईल परत. कधी, ते त्यालाही माहीत नाही. आचाऱ्याची जीभ गेली म्हणजे मग राहिलं काय? हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. तू आता कुणाला जाऊन सांगणार नाहीस, म्हणून तुला सांगतोय.

तू गावात सगळ्यांना सांगायचीस, पोरगा दुबईत बिर्याणी करतो. कसली बिर्याणी घेऊन बसलीस. हे ग्रीक जेवणाचं हॉटेल आहे आणि मी चीज तळतो. सागानाकी म्हणतात त्याला. हे चीज आपल्या पनीरसारखं मऊ नसतं. मेंढीच्या दुधाचं, मुरलेलं, कडक आणि मुळातच खारट. त्याची बोटभर जाड वडी कापायची आणि गार पाण्यात ठेवायची, म्हणजे मीठ उतरतं. मग पुसून घ्यायची, तळायच्या वेळी पुन्हा एकदा पाण्यात बुडवून मैद्यात घोळवायची, मैदा झटकायचा आणि दोन कानांच्या छोट्या पॅनमध्ये कडकडीत तेलात सोडायची. सोडली की हात लावायचा नाही. बोंबील तळताना तू माझ्या हातावर उलथनं मारायचीस ना, सारखा परतू नको म्हणून, तसंच. खालून सोनेरी झाली की एकदाच उलटायची, वर लिंबू पिळायचं आणि पळत टेबलावर. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखं. गार झालं की रबर. हे सगळं मी डोळ्यांनी आणि कानांनी करू शकतो, तेलाचा आवाजच सांगतो. पण पाण्यात किती वेळ ठेवायचं, ते एक कण जिभेवर ठेवल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक खेपेचं मीठ वेगळं. कमी भिजवलं तर तोंडात धरवत नाही, जास्त भिजवलं तर पांचट लागतं आणि पॅनमध्ये वितळतं. चीज तळणाऱ्याचं अर्धं काम तळायच्या आधीच असतं.

अजून डोळ्यांसमोर आहे, मी लहान, रमजानात तू चुलीपाशी असतेस, तुझा रोजा आहे, बाबांचा आहे, माझा अजून नाही. म्हणून चाखायचं काम माझं. तू डावातलं कालवण माझ्या तळहातावर टाकतेस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतेस. एकदा कालवण चांगलंच खारट झालं होतं. पण तू दिवसभर उपाशी, घामाने भिजलेली, मला तुझी दया आली आणि मी म्हटलं, बरोबर आहे. इफ्तारला बाबांनी एक घास खाल्ला आणि नुसती भाकरी चावत बसले. तू मला ओरडली नाहीस. भांडी घासताना एवढंच म्हणालीस, "तुला चाखायला बसवला तो खरं सांगशील म्हणून. माझं मन राखायला मांजर काय वाईट होती?" मला तेव्हा हसू आलं होतं. आता महिनाभर ते वाक्य डोक्यात फिरतंय, आणि हसू काही येत नाही.

कारण महिनाभर मी रमजानच्या आड लपलो. चीज भिजवायचं काम दुपारचं, तेव्हा माझा रोजा. गरज असेल तर आचाऱ्याने जिभेला लावून थुंकलं तरी चालतं, असं लोक सांगतात. मी म्हटलं, नको, मला मनात शंका नको. किचनमधली पोरं म्हणाली, माशाअल्ला, किती पक्का माणूस. अम्मा, मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. चीजची खेप जुनीच होती, तिचा वेळ मला तोंडपाठ होता, त्यावर निभलं. घरी मात्र पंचाईत. सुट्टीच्या दिवशी इफ्तारला तुझ्या सुनेने मटण केलं. मी दोनदा वाढून घेतलं, मस्त झालंय म्हटलं. तुझी नात, जिला पाहण्याआधीच तू गेलीस, घास तोंडात धरून म्हणाली, "बाबा, देअर इज नो सॉल्ट इन धिस." तुझी सून माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायला उठलो.

आणि काल जुनी खेप संपली. नवीन उघडली, तिला मी जुनाच वेळ दिला. दुपारी एका पाहुण्याची प्लेट परत आली. वेटर म्हणाला, भाई, बोल रहे हैं बहोत नमक है. शेफने तुकडा तोंडात टाकला आणि नळाकडे गेला. माझे हात एप्रनला पुसून पुसून कोरडे झाले तरी मी पुसतच होतो. वाटलं, खलास. पण तो आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, तुझी चूक नाही. तू उपाशी, तुला कसं कळणार? आज मी बघतो. ईदला आपण दोघं मिळून चाखू. मी सुट्टीवर गेलो की हे सगळं तुलाच बघायचं आहे." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्या खोटेपणाचा दोष त्याने माझ्या रोज्यावर टाकला, आणि मी मान हलवून थँक्यू शेफ म्हटलं.

आत्ता सकाळी तुझ्या सुनेने शिरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली. दोन चमचे खाल्ले आणि मस्त म्हणायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "साखर घातलेलीच नाही मी. आता बोला."

मी म्हटलं, "कळत नाही गं मला काही."

"कधीपासून?"

"तापापासून."

ती उठून आत गेली. मग साखरेचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "शेफला आजच सांगा. चाखायला दुसरा माणूस मिळेल, तुमच्यासारखं तळणारा मिळणार नाही. आणि काढलंच, तर गावी जाऊन भजी तळू." तिचा आवाज मात्र भजीच्या बेतासारखा नव्हता. नोकरी गेली तर व्हिसा जातो, पोरीची शाळा जाते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन इंग्रजीत दोनदा म्हणून बघितलं, शेफ, आय कॅनॉट टेस्ट. तिसऱ्यांदा म्हणायच्या ऐवजी तोंड धुऊन बाहेर आलो. पण सांगेन. इन्शाल्ला सांगेन.

हा फोन तुझ्या सुनेच्याही हातात असतो, म्हणून लिहून झालं की हे पुसून टाकणार आहे. तिला सगळं सांगितलं, एक सोडून. काल मगरिबच्या नमाजानंतर किचनमधली पोरं चाँद बघायला हॉटेलच्या गच्चीवर गेली, मीही गेलो. सगळ्यांनी हात उचलले, मीही उचलले. अम्मा, आज चाँद दिसू नये, अजून एक रोजा मिळावा, अशी दुआ मागितली मी.