व्हिएन्नाच्या नकाशावरची तुमची सही

बाबा,

काल माझ्या मुलीने माझा पासपोर्ट तिच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिण्याचा मला शौक नाही, आणि तुम्हालाही असली पत्रं आवडली नसती.

झालं ते असं. व्हिसाचा शिक्का मारून पासपोर्ट कुरियरने घरी आला तेव्हा मी खाली भाजीला गेले होते. सही तिने केली, पाकीट तिने फोडलं. मी पिशव्या घेऊन नवव्या मजल्यावर आले तर ती जेवणाच्या टेबलाशी उभी.

"आई, हे काय आहे?"

"व्हिसा आहे. वाचता येतो ना?"

"एकटी जाणार आहेस? मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगणार होते. विमानतळावरून."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. ती म्हणाली, "गेल्या वर्षी काय झालं ते आठवतंय का? की तेही नाही?" त्यातला 'तेही' मला लागला. पुढच्या गुरुवारी तिने इथल्या, सिंगापूरच्या सरकारी दवाखान्यात, पॉलिक्लिनिकमध्ये, माझ्या स्मरणशक्तीची तपासणी ठरवली आहे. घड्याळ काढायला सांगतात म्हणे, काटे दाखवायला सांगतात. ती होईपर्यंत पासपोर्ट तिच्याकडे राहणार. वर म्हणाली, "आणि व्हिएन्नाच कशाला? यूट्यूबवर सगळं आहे. लोक रस्त्याने चालत चालत दाखवतात. इथे सोफ्यावर बसून बघ की."

बाबा, हे वाक्य तुमचं आहे. यूट्यूब आणि सोफा सोडला तर तुमचंच. तिने तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही, तरी ते तिच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली नऊ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढली. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालच्या कुणाची वस्तू मी अशी कुलपात घातली नाही.

तुमचं नगररचना कार्यालय आठवतं. मी चौदा वर्षांची आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे आणि तुमचा डबा घेऊन मी आले आहे. लांब खोली, तिरकी टेबलं, शाईचा वास. तुमचं टेबल सगळ्यात मागे, पाण्याच्या माठापासून दूर. आपल्या जातीच्या माणसाला माठाजवळ बसवायला ऑफिसातले लोक तयार नव्हते हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. तुमच्या टेबलावर एक जाड इंग्रजी पुस्तक उघडं आहे. त्यात एका शहराचा नकाशा, घोड्याच्या नालासारखा वळलेला रुंद रस्ता आणि नालाचं तोंड बंद करणारा कालवा. तुम्ही बोट फिरवत सांगता, "इथे किल्ल्याची भिंत होती. राजाने ती पाडली आणि त्या जागेवर रस्ता केला. रस्त्याकाठी नाटकगृह, संग्रहालयं, विद्यापीठ, नगरभवन. भिंत पाडल्यावर काय करायचं ते या लोकांना कळलं होतं." हे सांगताना तुम्ही आजूबाजूला पाहिलं नाहीत, पण आवाज थोडा वर गेला होता.

मधल्या सुट्टीत तुम्ही तो नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढलात. नुसत्या रेघा. म्हणालात, नावं तू लिहायचीस, तुझं अक्षर तयार व्हायला हवं. मग आपण मागच्या अंगणात गेलो. काचेची चौकट, तिच्यात पिवळट कागद, त्यावर ट्रेसिंग, वरून ऊन, आणि नंतर ती अमोनियाची पेटी, जिच्यापाशी उभं राहिलं की डोळ्यांतून धारा लागत. जांभळ्या रेघांचा कागद बाहेर आला. मी घरी नेऊन त्यावर तुम्ही सांगितलेली सगळी नावं बोरूने लिहिली, देवनागरीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात ऑफिसच्या पद्धतीने लिहिलंत, 'तपासले', आणि खाली सही केलीत. मला कुणी दिलेली ती पहिली वस्तू, जी माझ्या मापाची नव्हती. मोठी होती, चार घड्या घालाव्या लागल्या.

आणि पाच वर्षांनी त्याच हाताने तुम्ही माझ्या कॉलेजच्या सहलीचं संमतिपत्र परत केलंत, सही न करता. म्हैसूरला जायचं होतं, सगळा वर्ग जाणार होता. मी म्हटलं, मी भूगोल शिकते, मला बघायला हवं. तुम्ही म्हणालात, "नकाशा पाहिला की गाव पाहिल्यासारखंच असतं. मी कुठे गेलोय? घरी बसून बघ." मी रडले नाही, हुज्जत घातली. तेव्हा तुम्ही खरं कारण सांगितलंत. "तिथे काही चुकलं तर? दुसऱ्याची चूक कागदावर राहते, आपली जातीवर जाते. आपल्याला चूक परवडत नाही."

तुमच्या जागी ते खरं असेल, नव्हे, होतंच. पण मला ते तेव्हाही मान्य नव्हतं आणि आज एकोणसत्तराव्या वर्षीही नाही. ज्याला चूक परवडत नाही त्याने घरी बसायचं, हा नियम ज्यांनी केला त्यांनी तो आपल्या सोयीने केला. आपण तो का पाळायचा?

तर गेल्या वर्षीचं. मुलीने मला युरोपच्या ग्रुप टूरला घातलं, पुण्याची कंपनी, सगळी मराठी मंडळी. मी सिंगापूरहून जाऊन त्यांना मिळाले. ही टूर कशी असते ते तुम्हाला सांगायला हवं. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. कुरकुर नको म्हणून रोज सीट बदलायची. दुपारी बसमध्ये भेळ, संध्याकाळी पंजाबी जेवण, आणि मध्ये जे उरेल ते युरोप. व्हिएन्नाला आम्हाला एक दिवस होता. सकाळी पिवळा राजवाडा, तिथे बागेत सगळ्यांचे फोटो. दुपारी ऑपेराच्या इमारतीपाशी उतरवलं आणि टूर लीडर, चुणचुणीत पोरगी, म्हणाली, "मंडळी, एक तास मोकळा. खरेदी, कॉफी, वॉशरूम. बरोब्बर चारला इथेच." चाळीसच्या चाळीस माणसं चॉकलेटच्या दुकानात शिरली.

मी पर्समधून तुमचा नकाशा काढला. फोन मुद्दाम आतच ठेवला. ऑपेराकडे पाठ करून उभी राहिले आणि तुमच्या कागदाने संग्रहालयं ज्या हाताला दाखवली त्या हाताला निघाले. रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, लाल ट्राम. संग्रहालयांच्या एकसारख्या दोन इमारती समोरासमोर यायला हव्या होत्या. आली एक बाग, आणि तिच्यात सोनेरी मुलामा दिलेला एक व्हायोलिनवाला. मी म्हटलं, पुढे असतील. पुढे गेले तर कालवा लागला, जो तुमच्या हिशेबाने तिथे नव्हताच. डोळे एक सांगत होते, कागद दुसरं. मी कागदावर विश्वास ठेवला, कारण त्यावर तुमची सही होती.

परत बसपाशी पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. टूर लीडरने घाबरून सिंगापूरला फोन केला होता आणि मुलगी तिथून पोलिसांचा नंबर शोधत होती. बसमध्ये चढले तर मागून टाळ्या पडल्या. एक ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "या आजी, या. आम्हाला वाटलं तुम्ही राजवाड्यात भाड्याने खोली बघितलीत." सगळे हसले. मी त्यांना सांगितलं की मी तुमची आजी नाही, आणि सीटवर बसले. बसले होते ताठ, पण कागदाची घडी दोनदा चुकीच्या रेषेवर घातली. ज्या शहराची नावं मी स्वतःच्या हाताने लिहिली त्यात मी चुकले कशी? मुलीने विचारलं तेव्हा 'रस्ता चुकले' एवढंच म्हटलं. नकाशाचं सांगितलं नाही. तेव्हापासून ती माझ्या गॅसच्या बटणाकडे बघते, माझ्या औषधांच्या गोळ्या मोजते. आणि खरं सांगायचं तर मधूनमधून मीही मोजते.

म्हणूनच मला परत जायचं आहे, बाबा, आणि एकटीने. सगळं ठरवलं आहे. बाजाराजवळ एक साधी खोली. तो अख्खा गोल रस्ता पायी, कालव्यापासून कालव्यापर्यंत, एका दमात नाही, बसत उठत. मोठ्या चर्चचा मनोरा, जितक्या पायऱ्या होतील तितक्या. ऑपेरात उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटं मिळतात, त्या रांगेत उभी राहीन. एका कॉफीवर दोन तास बसू देतात असं ऐकलंय, सोबत पाण्याचा पेला देतात. तेवढा वेळ बसेन आणि कुणी उठवलं तर बघेन. आणि विद्यापीठाजवळ त्या जुन्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे, तो शोधेन. तुम्ही म्हणाला होतात सगळी पाडली. सगळी नाही.

इथवर सकाळी लिहिलं आणि उठले. नकाशा लिहिताना शेजारी होता. सिंगापूरच्या दमट हवेने त्याच्या तोंडावर बुरशीचे ठिपके आले आहेत. ते कोरड्या फडक्याने पुसले आणि बाहेरच्या कॉरिडॉरचा वारा लागावा म्हणून रेघांची बाजू बाहेर करून कागद खिडकीच्या जाळीला चिमट्यांनी लावला. मग आमटीला फोडणी घालायला गेले.

मुलगी खोलीतून आली ती फोन हातात घेऊन. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच तिचं काम. माझी व्हिएन्नातली खोली कुठल्या वस्तीत आहे, ती बरी आहे का, हे ती फोनमधल्या नकाशावर बघत होती. न विचारता. ती खिडकीपाशी थांबली. तिने कागदाकडे पाहिलं, मग फोनकडे.

"आई, हा तोच कागद? तू तिथे हा घेऊन फिरलीस?"

"हो."

"इकडे ये. गॅस बंद करून ये."

"तो मी बंद केलाय."

तिने फोन कागदाशेजारी धरला. मागून उजेड येत होता आणि कागदाच्या पाठीवर रेघा उमटल्या होत्या. पाठीवरचं शहर आणि फोनमधलं शहर एकच होतं. कालवा जिथे हवा तिथे, संग्रहालयं हवी त्या हाताला. तिने चिमटे काढून कागद उलटा केला. सरळ बाजूचं शहर चुकीचं होतं, आरशात पाहावं तसं. नुसती माझी अक्षरं सुलट, कारण ती नंतर लिहिलेली.

"उलटा छापलाय," ती म्हणाली. "ट्रेसिंग पालथं पडलं असणार. आई, तू चुकली नव्हतीस. तू अगदी बरोबर चाललीस, चुकीच्या नकाशावर." मग कोपऱ्यातली सही वाचून हसायला लागली. "आणि आजोबांनी 'तपासले' लिहिलंय. तू म्हणायचीस ना, त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही?"

मी आमटीत मीठ टाकायला वळले. गुरुवारी तपासणीला मी जाणार आहे. त्यांना घड्याळ हवं तर घड्याळ काढून देईन, वरून सेकंदकाटाही. तिने किल्ली काढली.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली, तिला मी सांगितलेली नाही. त्या दिवशी अंगणात मी हट्ट केला होता की ट्रेसिंग चौकटीत मी ठेवणार. तुम्ही बाजूला झालात. कागद पालथा मी टाकला, बाबा. एकेक रेघ तीन वेळा पाहणारा माणूस ते न बघता सही करेल, हे मला आज पटत नाही. तुम्ही पाहिलंत, आणि माझी नावं लिहून झाली होती म्हणून सही केलीत. चूक परवडली तुम्हाला, एकदा. मग म्हैसूरच्या वेळी का नाही परवडली, हे मी तुम्हाला विचारणार आहे, पण ते व्हिएन्नाहून आल्यावर.

तोवर मुलीला वाटू दे की चूक तुमची. हे पत्र नकाशाच्या घडीत राहील. तुमच्या ऑफिसात होती तशी नोंद खाली करते.

दिले: तिकिटाची प्रत, खोलीचा पत्ता, विम्याचा कागद, रोज सकाळी फोन करण्याचा शब्द.
मिळाले: पासपोर्ट एक, व्हिसासह.
नकाशा: जवळ ठेवला, पाठीकडून वाचण्याचा.
तपासले. मी.