घसा, पोट, लघवी, इतर

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.,

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्र कशाला, असं घरात सगळे विचारतात. पण फोनवरचं बोलणं दप्तरी राहत नाही, आणि पस्तीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेल्या माणसाला दप्तरावाचून चैन पडत नाही.

इकडे सर्व क्षेम. तुझी वहिनी गुडघ्यांची तक्रार करते, चिरंजीव कामाची आणि सूनबाई चिरंजीवांची. नात टिल्ली पाच वर्षांची झाली आणि भिंतींवर हत्ती काढते.

आपला गोळ्यांचा डबा अजून आहे का, असं तू विचारलंस. आहे म्हणजे काय, भरभराटीला आला आहे! बिस्किटांचा जुना डबा आता पुरेना, म्हणून मोठा आणून त्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे केले: घसा, पोट, लघवी, इतर. आपल्या घराण्यात औषधाचं पाकीट कोणी संपवलेलं मला आठवत नाही. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या माझ्याकडे जमा, पुढच्या आजाऱ्याला त्यातल्या दोन. भांडाराचा नियम तोच, जुना माल आधी बाहेर. नोंदीशिवाय एक गोळी देत नाही. परवाच वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला घशासाठी दोन दिल्या. इमारतीत मला आता 'डॉक्टर' म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

तू एवढी जंतूंची तज्ज्ञ, तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे. पण बाईसाहेब, वहीत तुमचंही नाव आहे. पान सांगत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो जुन्या मालासारखा आधी बाहेर काढू नये.

तुझा
दादा

ता. क. लघवीला गेले तीन आठवडे जरा जळजळ होते. काळजी नको, तो कप्पा भरलेला आहे. सकाळ-संध्याकाळ एक घेतो आणि बरं वाटलं की थांबतो. ही तिसरी खेप.


२० फेब्रुवारी

तीर्थरूप दादास ठकीचा शि. सा. न. वि. वि.,

तुझं पत्र बसून हसत वाचलं आणि ताजा कलम उभं राहून वाचला. लगेच वहिनीला फोन केला, तर तू म्हणे गच्चीवर पाण्याची टाकी तपासायला गेला होतास. पळपुट्या!

आता नीट ऐक. सकाळी आठपासून मी लोकांची लघवी, थुंकी आणि पू बघत असते. कोणी एकदा विचारतं तू काय काम करतेस, दुसऱ्यांदा विचारत नाही. पण या विषयात तरी माझं ऐकायला हरकत नाही. जंतू मारायचं औषध नेमकं, पुरेसं आणि डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस घ्यावं लागतं. तू दोन आज, चार पुढच्या आठवड्यात असं करतोस तेव्हा लेचेपेचे जंतू मरतात आणि निर्ढावलेले मागे राहतात. मग त्यांचाच गोतावळा वाढतो आणि ते त्या औषधाला जुमानत नाहीत. शिंप्याचं तर आणखी पुढचं. बहुतेक घसे अशा गोळ्यांशिवायच बरे होतात. तो चार दिवसांनी बरा झाला असताच, श्रेय तुला मिळालं.

तुझ्या वयात तीन आठवडे जळजळ हा खेळ नाही. डॉक्टरांकडे जा, आधी लघवी तपासायला दे, आणि काय काय घेतलंस ते वही उघडून दाखव. लाजू नकोस.

वहीतल्या इतर नोंदींचा विषय सध्या बाजूला ठेवू.

लोभ असावा, आणि उलट टपाली डॉक्टरांचं म्हणणं असावं.

तुझी
ठकी


१ मार्च

सौ. वन्संना स. न. वि. वि.,

फोनवर मला रडू येतं आणि सगळं सांगायचं राहतं, म्हणून लिहिते. हे दवाखान्यात आहेत. बुधवारी थंडी वाजून असा ताप भरला की पलंग हलत होता. आपल्या चिरंजीवांनी आणि शिंप्याने खुर्चीत बसवून खाली उतरवलं.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं होतं. घडी घालून फायलीत लावलं आणि डब्यातल्या दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या. दवाखान्यात जायचं म्हणून शर्ट बदलला तेव्हाही खिशात दोन गोळ्या कोंबताना मी पाहिलं आहे.

काल तपासणीचा कागद आला. दहा औषधांची नावं आहेत. नऊपुढे 'आर', म्हणजे लागू पडणार नाही. एकापुढे 'एस'. तेवढं एकच उरलंय आणि तेही शिरेतून द्यायचं. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात शिरलेत, याने ताप उतरला तर उतरला.

एरवी नर्सबाईंना चादरींचा साठा कसा लावावा हे शिकवतील असे आपले भाऊ. आता पाणी प्या म्हटलं की पितात, झोपा म्हटलं की डोळे मिटतात. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. पहिल्यांदाच माझं सगळं ऐकताहेत, आणि वन्सं, मला त्याचीच भीती वाटते.

लोभ आहेच. जमलं तर या.

तुमची
वहिनी


११ मार्च

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.,

तुझ्या उशाशी चार दिवस बसून कालच परतले. ताप उतरला हे डोळ्यांनी पाहिलं, तरी आज सकाळी वहिनीला फोन करून पुन्हा विचारलंच. तुझ्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही ते आता लिहिते.

वहिनीच्या पत्रातला तुझा रिपोर्ट वाचला, तेव्हा मी कामावरच होते. बशीत जंतू वाढवायचे आणि त्यावर औषध भरलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या, हे माझं रोजचं काम. औषध लागू असलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल मोकळा राहतो, नसलं तर जंतू थेट चकतीला भिडतात. ज्यांत एखादाच गोल मोकळा आहे अशा बशा मी आठवड्याला कितीतरी पाहते. 'आर' लिहिते, सही करते, चहा पिते. त्या दिवशी पहिल्यांदा तशा कागदावर माझ्या दादाचं नाव होतं. मी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेले आणि रडले.

हे तुझ्या डब्यामुळेच झालं असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. असे जंतू माणसामाणसांतून, दवाखान्यांतूनही येतात. पण डब्याने त्यांना खुर्ची दिली आणि पाहुणचारही केला.

आता माझ्या पानाबद्दल. गेल्या हिवाळ्यात मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींपुढे व्याख्यान द्यायला तुमच्याकडे आले होते. विषय, 'डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घेऊ नका'. आदल्या दिवशी घसा बसला. तू 'घसा' कप्प्यातून चार गोळ्या दिल्यास. दोन मी घेतल्या, खणखणीत आवाजात व्याख्यान दिलं, टाळ्या घेतल्या आणि उरलेल्या दोन परत आणून डब्यात टाकल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मागच्या पत्रात मी हा विषय बाजूला ठेवला तो तुझ्या भल्यासाठी नव्हे, माझ्या अब्रूसाठी. त्या दिवशी मीच डबा बंद केला असता तर तू माझं ऐकलं असतंस. ज्या तोंडाने सांगायचं त्याच तोंडात तुझी गोळी होती.

दादा, मला तू हवा आहेस. डबा नको.

लोभ असावा. माझी तेवढी लायकी सध्या नसली तरी असावा.

तुझी
ठकी


६ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.,

घरी येऊन तीन आठवडे झाले. जिना एका दमात चढतो, म्हणजे मध्ये फक्त दोनदा थांबतो.

पडल्या पडल्या वही वाचून काढली. अकरा वर्षांत चारशे बारा गोळ्या दिल्या. सगळ्यांत जास्त घेणारा इसम कोण, सांग बघू. शहाण्णव गोळ्या, देणाऱ्याची सही माझी, घेणाऱ्याचीही माझीच. मला वाटत होतं मी इमारतीचा डॉक्टर आहे. निघालो सगळ्यांत नियमित रोगी. आणि अख्ख्या वहीत औषध पुरतं घेतल्याची एकही नोंद नाही. कारखान्यात असा कारभार केला असता तर पहिल्याच वर्षी घरी बसलो असतो.

भांडारात एखाद्या वस्तूचा शेवटचा नग उरला की मी लाल चिठ्ठी लावायचो, साहेबांच्या सहीशिवाय देऊ नये. माझ्या जिवाचा शेवटचा नग शिरेतून थेंब थेंब उतरताना पाहिला तेव्हा ती चिठ्ठी आठवली. ठकी, मला फार भीती वाटली होती. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही, तुला सांगतो.

डबा रिकामा केला. दवाखान्यातला औषधवाला जुन्या गोळ्या नष्ट करायला घेतो. मी पावती मागितली तर हसला, पण दिली. शिंपी दोन गोळ्या मागायला आला तेव्हा त्याला डॉक्टरांकडे धाडलं. हल्ली तो जिन्यात मला ओळख देत नाही, आणि माझी पँट लांबच शिवून ठेवली आहे.

पण खरी परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. टिल्लीला ताप आला. डॉक्टरांनी तपासलं, साधा सर्दीचा ताप आहे म्हणाले, जंतू मारायच्या गोळ्या यावर चालत नाहीत. पाणी पाजा, तापाचं औषध द्या, श्वास लागला तर ताबडतोब आणा. इतकं स्पष्ट सांगूनही दुसऱ्या दिवशी ताप तसाच, तेव्हा चिरंजीव माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बाबा, एखादी उरली असेल ना, म्हणाले.

उरली होती. दवाखान्यात नेलेल्या शर्टाच्या खिशात एक सापडली होती आणि मी ती जमा केली नव्हती. असू द्यावी म्हटलं. एवढं सगळं होऊनही, बघ, असू द्यावी म्हटलं! टिल्लीचा तापलेला हात एका हातात आणि दुसरा हात खिशावर, असा मी दुपारभर बसलो. मी लेकाला नाही म्हणालो. रात्री तो आपलं ताट घेऊन आत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी उठली आणि माझ्या वहीत हत्ती काढायला बसली. तिच्या हत्तीखाली मी नोंद केली: मागणी एक. दिले काही नाही. अकरा वर्षांत अशी ही पहिलीच.

खिशातली गोळी त्याच दिवशी जमा केली. तिची पावती सोबत जोडली आहे. पुढच्या व्याख्यानात मुलींना दाखव. आणि त्या दिवशी घसा बसला, तर बसल्या घशानेच बोल.

कळावे. लोभ पुरता असावा, मध्येच बरं वाटलं म्हणून थांबवू नये.

तुझा
दादा