झाकणभर औषध

प्रिय आई,

पत्र पाहून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू आधी ‘जेवलीस का’ विचारतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले.

बाबांनी बर्फाच्या खोक्यातून पाठवलेल्या पाच मेलेल्या कोंबड्या काल आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरबाईंनी उघडल्या. हृदयावर, यकृतावर पांढरट पापुद्रा. बाबा म्हणतात तसं जंतूंचंच काम. पण मग दोनदा औषध देऊनही चार दिवसांत पुन्हा मरतूक का? बाईंनी शेपटीच्या मुळाशी असलेली छोटी पिशवी दाखवली. पिल्लाची रोगाशी लढायची ताकद तिथे तयार होते. ती बोराएवढी हवी. पाचही जणींची वाटाण्याएवढी उरली होती. म्हणजे आधी गंबोरो हा विषाणूचा रोग येऊन ताकद खाऊन गेला, आणि एरवी शेडमध्ये निमूट पडून असणारे जंतू मग अंगावर चढले. लस दिली नव्हती का, असं बाईंनी विचारलं. दिली होती, मी म्हणाले, आईनेच, पाण्यातून. पाण्यात काही मिसळलं होतं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी हातमोजे काढून ठेवले.

आत्या अजून ऐकवते ना, वहिनीच्या हातची लसच लागत नाही म्हणून? दुसऱ्या शेडमधल्या पिल्लांची लस बाबा तुला देऊ देणार नाहीत, असं दादा सांगत होता. अकरा वर्षं तूच देतेस.

आई, त्या सकाळी पदवीचा कागद घेऊन मी सगळ्यांना शहाणं करायला निघाले होते. टाकीत शेवाळ दिसलं तसं झाकणभर जंतुनाशक मीच ओतलं. “आज लस आहे गं,” तू एकदाच म्हणालीस. पाणी स्वच्छच हवं, मी तुलाच शिकवलं. लशीतला विषाणू जिवंत असतो, जंतुनाशकानं तोच मरतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. तू मात्र घरातल्या पहिल्या पदवीधराचं ऐकलंस, आणि नंतर माझं नाव कुणाला सांगितलं नाहीस.

दुसऱ्या शेडची गुरुवारची लस तूच दे. मंगळवारपासून टाकीत काही पडू देऊ नकोस. आणि हे पत्र चहाच्या वेळी बाबांना, आत्याला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं तू गाळशील, ठाऊक आहे मला. म्हणून याचीच दुसरी प्रत बाबांच्या नावानं टाकली आहे.

तुझीच,
चिमी